जमिनीचा ताप

शून्याखाली अर्धा अंश.
याकुत्स्कमध्ये आम्ही याला ताप म्हणतो.

बाहेर उणे त्रेचाळीस. मिशा, पापण्या,
कुत्र्यांची तोंडं, सगळं पांढरं.
आणि मी इमारत क्रमांक सतराच्या पोटाखाली
कोपरांवर सरकत,
दातांत टॉर्च, हातात दोरी,
दोरीला मीटरा-मीटरावर बांधलेले तापमापक
एकेक करून सोडत होते
जमिनीच्या घशात.

तुयारा प्रोकोप्येव्हना शिकवायच्या:
आधी श्वास धर.
तुझी वाफसुद्धा आकडा बिघडवते.
त्यांच्या एकतीस वर्षांच्या वह्या
आता माझ्या कपाटात आहेत.
शाई गोठते, म्हणून सगळं पेन्सिलीने.
एका पानावर फक्त एवढंच:
सहा मीटर, उणे तीन पॉइंट आठ.
मुलगा झाला.

इकडे पाया घालतात तो असा.
दहा मीटर भोक, त्यात काँक्रीटचा खांब,
भोवती वाळूचा पातळ चिखल,
आणि मग कुणी काही करत नाही.
बसून राहतात.
थंडी येते आणि खांब धरते.
कुणी नकाशावर सही केली असेल,
कुणी पोलाद तोलून घेतलं असेल,
पण पाच मजले, साठ चुली, तिसऱ्या मजल्यावरचा पियानो
हे सगळं शेवटी
गोठलेल्या पाण्याने दिलेल्या शब्दावर उभं.

म्हणून घर जमिनीला टेकू द्यायचं नाही.
मध्ये कमरेइतकी पोकळी,
तीतून वारा आरपार.
घराची ऊब घरानेच सांभाळायची,
खाली सांडायची नाही.
हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

सतराच्या पोकळीला कुणीतरी
फळ्या ठोकल्या होत्या. फटींत नमदा, जुने कोट,
बाळाचं एक स्वेटर.
कुणीतरी म्हणजे तळमजल्यावरची फेव्रोन्या.
दोन वर्षांपूर्वी मुलगी रांगायला लागली होती
आणि फरशी म्हणजे नदीच.

तिने चहा दिला.
कपात एका काठाला जास्त, समोरच्या काठाला कमी.
दोघींनीही पाहिलं.
दाराला तीनदा रंधा मारून झाला होता.
भिंतीवर मुलीच्या उंचीच्या खुणा,
त्यांच्यामधून चीर वर चढलेली,
मुलीपेक्षा भराभर वाढलेली.

पायाखालची जमीन सरकली, असं लोक
वाईट बातमी ऐकून म्हणतात.
माझ्या वहीत त्याला रकाना आहे.
मिलिमीटरचा.

मी वही तिच्यापुढे केली.
तिने बोट ठेवलं: उणे शून्य पॉइंट पाच.
हे तर थंडच आहे की, म्हणाली.
मग बराच वेळ बोट तिथेच.
मग: म्हणजे माझ्यामुळे?
मी म्हटलं, गरम पाण्याचा पाइपही गळतोय.
तो गळत होता. थोडा.

फळ्या आम्ही दोघींनी काढल्या.
खिळे तिने ओढले, पकडीने, एकेक,
वाकडे झालेले सरळ करून डब्यात टाकत.
वर मुलगी झोपलेली.
वारा आत शिरला तो
भाडं वसूल करायला आल्यासारखा.
स्वेटर तिने झटकलं आणि खिशात घातलं.

जमीन पुन्हा घट्ट व्हायला किती वर्षं,
याचं सूत्र आहे माझ्याकडे.
सूत्र म्हणतं सात, हिवाळे चांगले मिळाले तर.
हिवाळ्यांचं सूत्र नाही.
बाईंच्या जुन्या वह्यांतले आकडे वाचते कधी कधी,
उणे चार, उणे चार, उणे तीन पॉइंट नऊ,
कुणी श्रीमंत नातेवाइकांची पत्रं वाचावीत तसे.

आज तिसरं वर्ष. पुन्हा कोपरांवर.
सहा मीटर. थांबते. आकडा स्थिरावत नाही,
मग स्थिरावतो.
उणे शून्य पॉइंट नऊ.
पेन्सिल पुढे सरकते तोच
डोक्यावर धप, धप, धप,
लोकरीच्या बुटांत फेव्रोन्याची मुलगी
खिडकीपासून दारापर्यंत,
उताराकडे जरा जास्त वेगाने.

मी श्वास धरते.